आधी हीटर लावून बघा!

"हीटर लावून बघितला का?"

दीड वर्षात आमच्या गाडीबद्दल हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. दोन गॅरेजवाल्यांनी नाही, पप्पांच्या मित्रांनी नाही आणि मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मीसुद्धा नाही. जुन्या नाशकातल्या एका छोट्याशा गॅरेजमध्ये चाचांनी तो विचारला, तेव्हा मी चक्क हसले. म्हटलं, "चाचा, प्रॉब्लेम मायलेजचा आहे. हीटरचं काही नाही."

चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. मित्रांनो, त्या हसण्याची शिक्षा म्हणून मी हा लेख लिहितेय असं समजा.

गाडी म्हणजे आमची मारुती ८००, मॉडेल २००६. हॉस्टेलमधल्या निम्म्या लोकांच्या घरी ही गाडी कधी ना कधी होतीच. डिसेंबर १९८३ मध्ये ती भारतात आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन. आधी कार्ब्युरेटर, नंतर एमपीएफआय. आमची एमपीएफआयवाली. पप्पांनी ती नवीकोरी घेतली तेव्हा मी एक वर्षाची होते. २०२१ मध्ये पंधरा वर्षं झाली म्हणून पुन्हा पासिंग करून घेतली. पप्पा रोज सकाळी त्याच गाडीने नाशिकहून निफाडला शाळेत शिकवायला जातात. एसी केव्हाच बंद पडलाय, पण गाडी कधी बंद पडली नव्हती.

२०२३ च्या मे महिन्यात ती ट्रॅफिकमध्ये तापली. काटा लाल पट्ट्यात. जवळच्या गॅरेजवाल्याने अर्ध्या तासात काहीतरी केलं, दोनशे रुपये घेतले आणि म्हणाला, "आता तापणार नाही, गॅरंटी!" खरंच तापली नाही. उलट काटा नेहमीपेक्षा खालीच राहायला लागला. आम्ही खूष. गाडी थंड राहते म्हणजे चांगलंच की!

मग हळूहळू मायलेज उतरायला लागलं. लिटरला सतरा-अठरा देणारी गाडी तेरा-बारावर आली. सकाळी मिसिंग मारायची, पिकअप नाही. दुसऱ्या गॅरेजमध्ये प्लग बदलले, ४५० रुपये. मग इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी साफ केली, १,८०० रुपये. फरक शून्य. काढलेले प्लग मात्र काजळीने काळे झाले होते. आता पुढची पाळी माझी. काळे प्लग म्हणजे मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर चुकीचं सांगतोय. हॉस्टेलवरून फोनवर पप्पांना मी हे इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं की त्यांनी ३,२०० रुपयांचा सेन्सर बसवून टाकला. फरक? परत शून्य.

बेरीज केली तर ५,४५० रुपये गेले. पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती. जुलै २०२४ मध्ये आम्ही मुंबईकडे निघालो होतो. कसारा घाट उतरताना धो धो पाऊस आणि धुकं. काच आतून पांढरी झाली. पप्पांनी ब्लोअर काचेकडे वळवला, हीटरचा खटका पूर्ण गरमकडे सरकवला, तरी हवा गारच. मी रुमालाने काच पुसतेय, दोन सेकंदांत पुन्हा धूसर. तेवढ्यात अगदी समोर एका ट्रकचे लाल दिवे दिसले. पप्पांनी ब्रेक मारला, गाडी थोडी सरकली आणि थांबली. पुढे दहा मिनिटं गाडीत कुणीच बोललं नाही. आणि तरीही, हीटर गार आहे आणि मायलेज कमी आहे, या दोन गोष्टी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात एकत्र आल्या नाहीत! हीटर बिघडला ही एक तक्रार, मायलेज ही दुसरी. दुसरी महत्त्वाची, पहिली "बघू नंतर".

सप्टेंबरमध्ये गॅरेजवाल्याने ऑइल भरायचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला पिवळसर पांढरा, साय असावी तसा थर. त्याने निकाल दिला, "हेड गॅसकेट गेलंय साहेब, ऑइलमध्ये पाणी आलंय. हेड उतरवावं लागेल." अंदाज १६,००० रुपये. काकांनी सांगितलं, एवढ्या पैशांत गाडीची किंमत निघणार नाही, भंगारात द्या. पप्पा काही बोलले नाहीत, पण दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा गाडीची कागदपत्रं टेबलावर काढून ठेवलेली होती.

म्हणून शेवटचा प्रयत्न म्हणून चाचांकडे गेलो. गाडी तिथेच रात्रभर ठेवली, कारण चाचांना ती पूर्ण थंड हवी होती. सकाळी त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली. गाडी सकाळी उठते कशी? तापल्यावर सुधारते का? पाणी किती दिवसांनी टाकता? काटा कुठे असतो? ट्रॅफिकमध्ये काय करता? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. थर्मोस्टॅटचं स्पेलिंग मला येतं, पण "गाडी उठत नाही" म्हणजे काय हे मला पप्पांना विचारावं लागलं. आणि पप्पांनी तेव्हा पहिल्यांदाच सांगितलं की सिग्नलला काटा वर चढायला लागतो, म्हणून ते गाडी बंद करून ठेवतात. आम्हाला वाटायचं पेट्रोल वाचवतायत!

मग तो हीटरचा प्रश्न आला आणि मी हसले.

चाचांनी गाडी चालू केली आणि मला रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवायला सांगितला. "फॅनपासून लांब. आता मिनिटं मोज." दुसऱ्या मिनिटापासूनच होज कोमट व्हायला लागला, मग हळूहळू थोडा अजून. चाचा म्हणाले, "थर्मोस्टॅट असता तर हा सात-आठ मिनिटं थंड राहिला असता. मग एकदम हात काढावा लागला असता." त्यांनी गाडी बंद केली, दोन बोल्ट काढले आणि होज इंजिनला जिथे जोडला जातो तिथलं झाकण उचललं. आत थर्मोस्टॅट नव्हताच. २०२३ च्या मे महिन्यात दोनशे रुपयांत गॅरंटी मिळाली होती ती हीच.

आता जरा थिअरी. (सेकंड इयरवाल्यांनो, हे व्हायव्हाला उपयोगी पडेल.) थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची एक डबी. सर्जियस व्हर्नेट नावाच्या माणसाने १९३० च्या दशकात ही युक्ती काढली. मेण वितळलं की फुगतं, दांडा ढकलतं आणि झडप उघडते, साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास. तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे जातच नाही, इंजिनातच फिरतं, त्यामुळे इंजिन लवकर तापतं आणि मग एकाच तापमानाला राहतं. आपल्याकडे बरेच जण म्हणतात, "ही थंड देशांची भानगड, इथे काय गरज?" पण बाहेर ५ अंश असोत की ४० अंश, इंजिनाला हवे असतात ८५-९०. थर्मोस्टॅट काढला की हायवेवर रेडिएटर पाणी सतत गार करत राहतो. एमपीएफआयचा कॉम्प्युटर पाण्याचं तापमान बघतो. त्याला वाटतं इंजिन अजून थंड आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, जसा जुन्या गाडीत चोक ओढून ठेवावा तसा. म्हणून प्लग काळे, म्हणून मायलेज कमी. आणि हीटरमध्ये जे पाणी फिरतं तेही हेच, म्हणून हीटर गार!

म्हणजे माझं "मिश्रण रिच आहे" हे बरोबर होतं. पण मी तिथेच थांबले. रिच का आहे, हा पुढचा प्रश्न मी विचारला नाही. एकही सेन्सर खोटं बोलत नव्हता. इंजिन खरंच थंड होतं.

आणि ती साय? इंजिनात हवेतली आणि जळण्यातून आलेली वाफ जमते. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते. तापलंच नाही तर झाकणाखाली ऑइलमध्ये मिसळून तसा थर दिसतो. हेड गॅसकेट गेलं तरी तसाच दिसतो, म्हणून फसायला होतं. चाचांनी ऑइलची पट्टी काढून दाखवली. ऑइल स्वच्छ. रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग नाही, इंजिन चालू असताना सतत बुडबुडे नाहीत, पाण्याची पातळी महिनोन्महिने तेवढीच, सायलेन्सरमधून गरम झाल्यावर पांढरा धूर नाही. पाच साक्षीदार एका बाजूला आणि एकटी साय दुसऱ्या बाजूला. १६,००० रुपयांचं हेड उतरणार होतं ते फक्त तिच्या साक्षीवर.

राहिला मूळ प्रश्न. २०२३ मध्ये गाडी तापलीच का होती? चाचांनी रेडिएटरच्या फॅनच्या स्विचची दोन टोकं वायरने जोडली. फॅन फिरला. म्हणजे मोटर चांगली, गडबड स्विचच्या कनेक्शनमध्ये. तिथे हिरवा गंज चढला होता. म्हणून हायवेवर वारा लागतो तेव्हा ठीक आणि सिग्नलला काटा वर. तो गंज साफ केला असता तर पुढचं दीड वर्ष घडलंच नसतं.

नवीन थर्मोस्टॅट आम्ही बसवायच्या आधी जुन्या डब्यात पाणी उकळून तपासला. (आईने चहाचं पातेलं दिलं नाही.) थर्मामीटर ८२ च्या पुढे गेला तशी झडप हळूच उघडली. पुस्तकात दहा वेळा बघितलेली आकृती मी पहिल्यांदा हलताना बघितली. थर्मोस्टॅट, गॅसकेट, कूलंट, कनेक्शन आणि मजुरी मिळून १,४५० रुपये. त्यात चाचांची मजुरी फक्त २००.

या दोनशे रुपयांवरच मला बोलायचंय.

ज्याने थर्मोस्टॅट काढून टाकला त्यालाही दोनशेच मिळाले होते. ज्याने तासभर प्रश्न विचारले, रात्रभर गाडी थंड केली, चार शक्यता खोडून काढल्या, त्यालाही दोनशे. आणि ज्याने नको असलेला सेन्सर बसवला त्याला सगळ्यात जास्त. मग गॅरेजवाला पार्ट का बदलणार नाही? डॉक्टरने तपासून "काही नाही, गोळीची गरज नाही" म्हटलं तरी आपण फी देतो. मिस्त्रीने अर्धा तास गाडी ऐकून "काही बदलू नका" म्हटलं तर आपण विचारतो, "मग पैसे कसले?" निदान हे काम आहे असं आपण मानतच नाही. पार्ट हातात दिसतो म्हणून पार्टचे पैसे. तेव्हा फक्त गॅरेजवाल्यांना शिव्या देऊन चालणार नाही. बिल आपणच तसं मागतो.

आणि कॉलेजात तरी वेगळं काय आहे? सरांनो आणि मॅडमनो, आधीच माफी मागते. आयसी इंजिन्सच्या लॅबमध्ये आपण हीट बॅलन्स शीटचा प्रयोग करतो. पेट्रोलमधल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग थंड करणाऱ्या पाण्यातून जातो, हे आपण सगळे जर्नलमध्ये लिहितो. माझ्या जर्नलमध्येही ते आहे, सुंदर अक्षरात. रीडिंग मात्र सीनियरच्या फाइलमधली आहेत आणि त्याची त्याच्या सीनियरची! व्हायव्हाला "किती टक्के?" विचारलं, मी सांगितलं, मार्क मिळाले. तोच एक तृतीयांश भाग म्हणजे गाडीचा हीटर, हे कसारा घाटात, गार हवा तोंडावर येत असताना, मला सुचलं नाही. उत्तर पाठ होतं, पण प्रश्न ओळखता आला नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. वर्कशॉपमध्ये एक जुनी चालू गाडी आणावी. इन्स्ट्रक्टरांनी तिच्यात मुद्दाम एक बिघाड करावा, एखादा प्लग वायर ढिला, थर्मोस्टॅट काढलेला, हीटरची केबल सुटलेली. चार जणांच्या गटाने तो शोधायचा. मार्क उत्तराला कमी आणि पायऱ्यांना जास्त: काय विचारलं, काय तपासलं, कुठली शक्यता कशी खोडली. एकही पार्ट बदलायला परवानगी नाही. आणि वर्षातून एकदा गावातल्या एखाद्या मुरलेल्या मिस्त्रीला बोलावून त्यांचं लेक्चर ठेवावं, गेस्ट लेक्चरचं मानधन देऊन.

काही मित्र म्हणतात, आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या, हे शिकून काय करायचं? इलेक्ट्रिक गाडीतही बॅटरी आणि मोटर थंड ठेवायला पाणी फिरवावं लागतं आणि हीटरसाठी तर फुकटची उष्णताही फारशी नसते, बॅटरीतूनच घ्यावी लागते. पार्ट बदलतील, पण शोधायची रीत तीच राहील. स्कॅनर लावला तरी तो कोड सांगतो. कोड कशामुळे आला हे आपल्यालाच शोधावं लागतं.

तोपर्यंत, घरी जुनी गाडी असेल त्यांच्यासाठी चाचांनी शिकवलेल्या काही गोष्टी. काटा नॉर्मल आहे पण हीटर गार, तर डॅशबोर्डच्या मागे जाणारे हीटरचे दोन्ही होज जपून चाचपा. दोन्ही गरम असतील तर पाणी ठीक आहे, बिघाड आतल्या झडपेत किंवा केबलमध्ये. एक गरम, एक गार, तर हीटरचा छोटा रेडिएटर चोक झालाय किंवा त्याचा कॉक बंद आहे. पळताना हीटर गरम आणि उभी असताना गार, तर पाणी कमी आहे, आत हवा अडकली आहे किंवा पंप दमलाय. गाडीत गोडसर वास, काचेवर चिकट धुकं आणि पायाखालचं कार्पेट ओलं, तर हीटरचा रेडिएटर गळतोय.

ट्रॅफिकमध्ये काटा चढायला लागला तर हीटर आणि ब्लोअर दोन्ही फुल करा. घाम येईल, पण तो एक जादा रेडिएटरच आहे, गाडी बाजूला घेईपर्यंत वेळ मिळतो. पण काटा वर आणि हीटरची हवा अचानक गार, तर एक मीटरही पुढे जाऊ नका. आत पाणीच उरलेलं नाही. पाणी पार गेलं की काटा खोटासुद्धा खाली येऊ शकतो, म्हणून काट्यापेक्षा हीटरवर विश्वास ठेवा. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही, कधीही उघडू नका. बऱ्याच झाकणांवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तेवढ्या दाबाखाली पाणी ११८-१२० अंशांपर्यंत उकळत नाही, पण झाकण उघडलं त्या क्षणी उकळून अंगावर येतं. चाचांच्या उजव्या हातावर त्याची खूण आहे. ते बारा वर्षांचे होते तेव्हाची.

गाडीची कागदपत्रं आता परत कपाटात गेली आहेत. मायलेज सतरावर आलंय. जानेवारी २०२५ मध्ये निफाडला कडाक्याची थंडी होती तेव्हा पप्पांनी सकाळी फोन केला. मला वाटलं काहीतरी बिघडलं. ते म्हणाले, "काही नाही गं. हीटर लावलाय. काच एकदम स्वच्छ दिसतेय, एवढंच सांगायचं होतं."

तेव्हा मित्रांनो, गाडी असो, प्रोजेक्ट असो नाहीतर रूममेट असो, काही बदलून टाकायच्या आधी दोन प्रश्न जास्त विचारा. जी तक्रार "बघू नंतर" म्हणून बाजूला ठेवली आहे, तिथूनच सुरुवात करा.

आणि हो, आधी हीटर लावून बघा!